काळवंडलेली जर्मनची पातेली



गेल्या वैशाख पौर्णिमेला लोणंदच्या आमच्या विहारात पंधरा लिटर दुधाची खीर ओतून द्यावी लागली. चूक माझी होती, म्हणून हकीकतही मीच सांगतो.

आमच्या वस्तीच्या मालकीची जर्मनची पाच मोठी भांडी आहेत. ॲल्युमिनियम हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. आमच्या आया-बहिणींच्या तोंडी ती जर्मनचीच, कोणी जर्मलची म्हणते. तीन पातेली, एक डेग आणि एक परात. चौदा एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, वर्षावासाचा समारोप, धम्मचक्र प्रवर्तन दिन, शिवाय वस्तीतले मंगल परिणय आणि पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम, एवढ्यांचा स्वयंपाक याच भांड्यांत होतो. यंदा जयंतीचे जेवण झाले, रात्री उशीर झाला, कोणीतरी भांडी विसळली आणि ओलीच एकात एक घालून मागच्या खोलीत ठेवून दिली. महिन्याभराने बाहेर काढली तेव्हा आतून काळी, बुडाशी पांढरट पापुद्रा, आणि बाहेर चुलीची मसी बोटभर जाड.

समितीतल्या दोन तरुणांनी लगेच ठराव मांडला की ही भंगारात घालू आणि मंडपवाल्याकडून स्टीलची भाड्याने आणू. मी खजिनदार. नोकरीतही आकडे, विहारातही आकडे. भंगाराचा भाव आणि वर्षाकाठी भाड्याचा खर्च मनातल्या मनात मांडून पाहिला आणि म्हणालो, थांबा, आधी घासून बघू. इथवर माझे बरोबर होते. पुढे घोटाळा केला. दुकानातून धुण्याचा सोडा आणला, कढत पाण्यात कालवला, तिन्ही पातेल्यांत काठोकाठ भरला आणि रात्रभर राहू दिला. पाण्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते. मला वाटले, मळ सुटतो आहे. समाधानाने घरी जाऊन झोपलो.

सकाळी पाणी ओतले तर ते राखाडी निघाले आणि पातेले पाटीसारखे काळेभोर. दोनदा विसळले, घाई होती, पहिल्या पातेल्यात दूध चढवले. ढवळता ढवळता खिरीला करडी झाक आली आणि तासाभरात ती सिमेंट कालवल्यासारखी दिसू लागली. वस्तीतल्या एका वयस्कर उपासिकेने दुसऱ्या पातेल्यात बोट फिरवले. बोट काजळात बुडवल्यासारखे निघाले. "आरं बाळा, ह्यात काय घातलंस? भांडं काजळ सोडतंय," ती म्हणाली. मी सोड्याचे सांगितले. तिने कपाळावर हात मारला. "जर्मनला सोडा? इचारलं तरी आसतंस."

विचारले नव्हते, हे खरे. बी.कॉम. झालेला माणूस भांडी घासण्याबद्दल कोणाला विचारत नाही.

नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे बसून हे सगळे समजून घेतले. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण तोच त्या धातूचे कवच. लोखंडाचा गंज पापुद्रे धरून गळतो आणि खालचे लोखंड उघडे पडते. ॲल्युमिनियमचा थर मात्र घट्ट धरून राहतो. हा थर सौम्य आंबटाला आणि साध्या पाण्याला दाद देत नाही. सोडा, कॉस्टिक, चुना, ब्लीचिंग पावडर यांच्यापुढे तो टिकत नाही. सोड्याच्या कढत पाण्यात आधी कवच विरघळते, मग खालचा धातूच विरघळू लागतो. मी पाहिलेले बुडबुडे हायड्रोजन वायूचे होते. मळ सुटत नव्हता, पातेलेच झिजत होते. भांड्याच्या ॲल्युमिनियममध्ये लोखंड, सिलिकॉन वगैरे थोडेथोडे मिसळलेले असते. ते सोड्यात विरघळत नाही, काळी भुकटी होऊन पृष्ठभागावर सुटे राहते. ती भुकटी आमच्या खिरीत उतरली.

आणि मुळात पातेली काळी का झाली होती, तर आमच्या बोअरच्या जड पाण्याने. जड पाण्यात क्षार असतात. असे पाणी, अंडी, बटाटे जर्मनच्या भांड्यात वारंवार उकळले की कवचाचा थर जाड होत जातो, त्यात पाण्यातले क्षार आणि लोह बसते आणि आतून काळपट दिसू लागते. याने कोणाला काही होत नाही. कुकर आतून काळा झाला म्हणून घाबरणाऱ्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. तो काळेपणा आंबटाने निघतो. म्हणूनच टोमॅटोची भाजी किंवा चिंचेची आमटी केल्यावर जर्मनचे पातेले आतून अचानक पांढरे दिसते. तो पांढरेपणा आमटीत उतरलेल्या धातूचा, हेही ओघाने आलेच.

त्या उपासिकेला हे रसायन माहीत नव्हते, पण कोणत्या भांड्याला काय लावायचे ते माहीत होते. पितळेला चिंच आणि राख, जर्मनला नुसती चिंच. राखेतही पोटॅशचा क्षार असतो. राखेने घासून लगेच धुतले तर फारसे बिघडत नाही, पण ओली राख लावून भांडे तसेच ठेवले तर ते करडे पडते.

आता भंगाराच्या ठरावाबद्दल. आमच्या डेगेवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेले आहे, खाली १९७२ साल आहे. ते दुष्काळाचे साल. त्या वर्षी आमच्या वस्तीतली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि त्याच मजुरीतून घरटी वर्गणी काढून ही डेग घेतली. बाकीच्या भांड्यांवर 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ' असे आहे. माझी आजी सांगायची की तिच्या लग्नात स्वयंपाकाला मोठे भांडे मिळाले नव्हते. गावात भांडी भाड्याने मिळत, आम्हाला मिळत नसत. कारण सांगायची गरज कोणाला वाटत नसे. शेवटी घराघरातली गाडगी-मडकी जमवून भात शिजवला, आणि तो निम्मा करपला. डेग आल्यानंतर वस्तीतल्या कोणाही पोरीच्या लग्नाला भांडे मागायला बाहेर जावे लागले नाही.

भांडे ही आपल्या समाजात साधी वस्तू कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांतून जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळले गेले, हे आपल्या मुलांना भाषणातून कळते. फुटक्या भांड्यांचे मात्र सांगायचे राहून जाते. त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर १९३५ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावी बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. अस्पृश्यांच्या हाती धातूचे भांडे हा सवर्णांना आपल्या प्रतिष्ठेचा अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण तयार केले, जे द्यायला मिळाले नाही म्हणून त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले, त्यात ही घटना नोंदवलेली आहे. पाण्याची धातूची घागर डोक्यावर घेतली एवढाच त्या बायांचा गुन्हा होता.

आणि गंमत अशी की हा धातू एकेकाळी राजेमहाराजांचा होता. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांच्या पुढे ॲल्युमिनियमचे काटे-चमचे ठेवी, अशी हकीकत सांगतात. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी विजेच्या साह्याने तो काढण्याची युक्ती शोधली आणि भाव कोसळला. आपल्याकडे मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी १८९८ च्या सुमारास त्याची भांडी करायला सुरुवात केली. गरिबाच्या घरात तो शिरला याची कारणे सरळ आहेत. हलका, स्वस्त, लवकर तापणारा, आणि कल्हई नको. पितळेच्या भांड्याला वरचेवर कल्हईचा खर्च. जर्मनला तो नाही. चांदी-पितळ ज्यांच्या घरी होते त्यांनी पुढे जर्मनला नाके मुरडली, त्याचे आपण काय करणार?

असो. भंगाराचा ठराव बारगळला. मग दुसरी सूचना आली की पॉलिशवाल्याकडे न्यावीत, यंत्राच्या चाकावर धरली की अर्ध्या तासात आरसा. मी चौकशी केली. पॉलिशवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, चाकावर धातूचा वरचा थर निघतो, कोरलेली नावे पुसट होतील, काही जातीलही. तो विषय तिथेच संपला. हातानेच करायचे ठरले.

त्यासाठी दोन रविवार गेले. केले ते असे.

आधी बाहेरची मसी काढली. साबणाचे कढत पाणी लावून अर्धा तास भिजू दिले आणि नारळाच्या काथ्याने घासले. तारेची घासणी आणि विटेची पूड हातात घेऊ दिली नाही. त्यांनी मळ जातो, पण ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी मसी त्या ओरखड्यांतच जाऊन बसते. मसी निघाल्याशिवाय आंबट लावण्यात अर्थ नाही.

मग आतले काम. पातेल्यात काळ्या रेघेच्या वर येईल इतके पाणी घेतले आणि लिटरला सपाट एक चमचा या बेताने लिंबूसत घातले. किराणा दुकानात मिळते ते पांढरे दाणेदार. लिंबूसत नसेल तर चिंचेचा कोळ, दर लिटरला लिंबाएवढ्या चिंचेचा. आमसूलही चालते. पाण्याला उकळी आली की मंद जाळावर दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे. आमच्या डोळ्यांदेखत काळेपणा फिका पडत गेला. तेच गरम पाणी जपून पुढच्या पातेल्यात ओतले, त्यामुळे अर्ध्या किलो लिंबूसतात सगळी भांडी झाली. कोमट झाल्यावर काथ्याने एकाच दिशेने गोल घासायचे, साध्या पाण्याने दोनदा धुवायचे. पांढरे फडके आत फिरवायचे. फडक्याला काळे लागले तर पुन्हा घासायचे. सोड्याने बिघडवलेल्या पातेल्यांना आम्हाला तीनदा घासावे लागले, तेव्हा फडके स्वच्छ निघाले.

बाहेरची बाजू उकळता येत नाही. तिथे अर्धे लिंबू बारीक मिठात बुडवून थोडा थोडा भाग चोळला आणि लगेच धुतला. मीठ अंगावर राहू देऊ नये, त्याने जर्मनला बारीक छिद्रे पडतात. शेवटी चमक आणण्यासाठी पांढरी दंतमंजनाची पूड ओल्या सुती फडक्यावर घेऊन चोळायची, मग कोरड्या फडक्याने पुसायचे. जुन्या साडीचे सुती फडके उत्तम. नावांच्या जागी फक्त फडके वापरले.

आरशासारखी ती झाली नाहीत. सोड्याने खाल्लेला पृष्ठभाग थोडा मंदच राहतो. पण चांदीच्या जुन्या रुपयाचा असतो तसा पांढरा रंग आला आणि १९७२ चा आकडा वाचता येऊ लागला. आम्ही लगेच स्वयंपाक केला नाही. घासल्यावर कवचाचा थर हवेत पुन्हा जमतो, तरी खात्रीसाठी भाताची पेज उकळून ती ओतून दिली, मग भांडी वापरात घेतली.

घरच्या कुकरला एवढा खटाटोप नको. वरणभात लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकावे, कुकर काळा होतच नाही. ही माझ्या पत्नीची रोजची रीत. ती वीस वर्षे मी पाहत होतो आणि फोड का टाकते हे एकदाही विचारले नव्हते. बाजारात काळ्या कडक थराचे, म्हणजे हार्ड ॲनोडाइज्ड म्हणतात ते भांडे मिळते, त्याला आणि नॉनस्टिकला यातले काहीही लावू नये. त्यांचा काळेपणा मुद्दाम दिलेला असतो. संडास-मोरीचे ॲसिड तर कोणत्याच भांड्याला लावू नये. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी वायू निघतो, बंद मोरीत जीव गुदमरतो.

जर्मनच्या भांड्यात स्वयंपाक करावा की नाही, हे पुष्कळ भगिनी विचारतात. भात, वरण, भाकरीचे आधण, दूध यांना हरकत नाही. चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार, ताक, कढी आणि लोणचे त्यात रात्रभर ठेवू नये. शिजवलेच तर लगेच स्टीलमध्ये काढावे. ॲल्युमिनियममुळे स्मृतिभ्रंश होतो अशी भीती घातली जाते, पण भांड्यांमुळे तो होतो असे सिद्ध झालेले नाही. खरी काळजी वेगळी आहे. कसलेही भंगार वितळवून केलेल्या स्वस्त भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली अशा काही आयात भांड्यांबद्दल, त्यांत आपल्याकडच्या हिंडालियमच्याही, इशारा दिला होता. शिसे घासून जात नाही आणि चमकेवरून ओळखूही येत नाही. म्हणून नवीन घेताना वजनावर मिळणारे बिनखुणेचे भांडे टाळावे आणि आयएसआयची खूण पाहावी. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे १६६० क्रमांकाचे मानक आहे. बुडाला टाचणीएवढी छिद्रे पडलेले किंवा पत्र्यासारखे पातळ झालेले भांडे अंघोळीच्या पाण्याला लावावे. आमची परात तशी निघाली, ती स्वयंपाकातून काढली.

मज्झिम निकायात अनंगण सुत्त आहे. त्यात सारिपुत्त भिक्खूंना काशाच्या वाटीचे उदाहरण देतात. दुकानातून मळलेली वाटी आणली, मालकाने ती वापरली नाही, घासली नाही, धुळीच्या कोपऱ्यात टाकली, तर ती आणखी मळते. वापरली आणि घासली तर उजळते. ते मनाबद्दल बोलत होते. मला आमची मागची खोली आठवली. आणि विनयात भिक्खूंना नियमच आहे की पात्र ओले ठेवू नये, थोडा वेळ उन्हात धरून कोरडे करावे आणि मग ठेवावे. आम्ही जयंतीच्या रात्री एवढे पाळले असते तर पुढचे काही घडलेच नसते.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहितो. पहिल्या रविवारी घासायला अकरा जणी आल्या आणि पुरुष आम्ही दोघे. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचे पन्नास तरुण असतात, वाढायलाही पुढे असतात. पंगत उठली की भांड्यांपाशी फक्त बाया उरतात. त्या रात्री भांडी ओली का राहिली, याचे उत्तरही तिथेच आहे. दिवसभर स्वयंपाक करून थकलेल्या बायांनी विसळली आणि घरी गेल्या, कारण सकाळी त्यांना कामावर जायचे होते. मी समितीत हे बोललो तेव्हा एकाने 'ते बायकांचे काम' असे म्हटले. त्याला त्या उपासिकेने उत्तर दिले, ते इथे छापता येणार नाही. दुसऱ्या रविवारी नऊ तरुण आले. त्यांतला एक वर्कशॉपमध्ये फिटर आहे. फडके कसे धरायचे हे त्याने आम्हा सगळ्यांना शिकवले.

हिशेब असा. लिंबूसत, साबण, काथ्या, दंतमंजन मिळून तीनशे रुपयांच्या आत खर्च. वाया गेलेल्या खिरीचे दूध, तांदूळ, साखर यांचे पैसे मी भरले, पावती विहाराच्या फाइलला आहे. आता समितीच्या वहीत नवे पान केले आहे. कार्यक्रमानंतर भांडी कोणी घासली, कोणी पुसली, उन्हात कोणी वाळवली, त्यांच्या सह्या. चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवायचा, म्हणजे मसी मातीबरोबर निघून येते, हीही उपासिकेची सूचना वहीत लिहिली आहे. परातीसाठी घरटी वर्गणी सुरू आहे. नव्या परातीवर कोणाचे नाव घालायचे यावर वाद चालू आहे. माझे मत त्या उपासिकेचे घालावे असे आहे, पण ती म्हणते, मी अजून जिवंत आहे.